व्हिडिओ अडखळतो तो नक्की कुठे? जुना लॅपटॉप, लिनक्स मिंट आणि हार्डवेअर डिकोडिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीतलं छोटं वाचनालय. मुंबईच्या एका चाकरमान्याने आपला जुना लॅपटॉप तिथे दिला: इंटेलचा आय३-६००६यू, चार जीबी रॅम. विंडोज रखडायला लागलं म्हणून त्यावर लिनक्स मिंट टाकलं. बाकी सगळं झकास, पण यूट्यूबवर १०८०पी लावलं की चित्र अडखळतं, पंखा घोंघावतो आणि लाइट गेल्यावर बॅटरी बघता बघता संपते. गणपतीत आयफोनवर काढलेला आरतीचा व्हिडिओ तर एकेक फोटो सरकवल्यासारखा दिसतो. इकडून तिकडून सात-आठ कमांड मारून झाल्या आहेत, आणि आता ‘व्हीएइन्फो’ (चिप कोणते व्हिडिओ उलगडू शकते ते दाखवणारी कमांड) चालवलं की ‘व्हीए-इनिशियलाइझ फेल्ड’ एवढंच येतं. शेवटी विचारलं आहे, “हाच लॅपटॉप विंडोजवर यूट्यूब नीट दाखवायचा. मग लिनक्समध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन चालू कसं करायचं?”

माझं कुडाळला दुरुस्तीचं दुकान आहे. अशी जुनी मशीन्स लिनक्सवर आणून शाळांना, वाचनालयांना, घरगुती निवास चालवणाऱ्यांना लावून देणं हे माझं निम्मं काम. त्या अनुभवावरून सांगतो: ‘चालू कसं करायचं’ असं विचारलं की कुठेतरी एक बटण आहे आणि ते दाबायचं राहिलंय असं वाटतं. तसं बटण नाही. व्हिडिओची फाइल, ती उघडणारा ब्राउझर किंवा प्लेअर, त्याखालचा व्हिडिओ ड्रायव्हर, त्याखालचा कर्नल (लिनक्सचा मूळ भाग) आणि सगळ्यात तळाला चिप, अशी ही साखळी आहे. यातली एक कडी निखळली तरी सगळं काम गुपचूप सीपीयूवर येऊन पडतं, आणि ‘मी सीपीयूवर चालतोय’ असं कोणी सांगत नाही. म्हणून खरा प्रश्न असा, की कोणत्या व्हिडिओसाठी कोणती कडी तुटली आहे?

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला तीन वेगवेगळे बिघाड दिसतात. दोन हाताने झालेले आहेत, ते अर्ध्या तासात निघतील. तिसरा चिपमध्येच आहे. तो दुरुस्त होत नाही, त्याला वळसा घालावा लागतो. आणि गंमत अशी, की पहिले दोन काढल्यावरही यूट्यूब तसंच अडखळेल, मग तुम्ही म्हणाल काहीच झालं नाही, आणि पुन्हा नव्या कमांड शोधायला लागाल. ते होऊ नये म्हणून जरा लांबण लावतोय.

एक सूचना आधीच. प्रोग्रॅमची आणि पॅकेजची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे. टर्मिनलमध्ये ती रोमन अक्षरांत टाकायची. अडलंच तर मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये अर्धं नाव टाकलं तरी पुढचं सापडतं.

आता चिपमध्ये काय असतं ते पाहू, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो; तो उलगडून पुन्हा चित्रं काढणं म्हणजे डिकोडिंग. सीपीयू म्हणजे घरातल्या बाईचे सराईत हात. मोदक वळतील, निवग्र्याही करतील, काहीही सांगा. पण एकवीस मोदकांचे एकशे एक झाले की हात दमतात. हार्डवेअर डिकोडर म्हणजे मोदकाचा साचा. उकड भरली, दाबला, मोदक तयार. पटापट होतात, श्रम नाहीत. पण त्यातून फक्त मोदकच निघतो. निवग्री हवी असेल तर साच्याला कितीही विनवण्या करा, ती हातानेच करायची. व्हिडिओच्या जगात एच.२६४, एचईव्हीसी, व्हीपी९, एव्ही१ हे असे वेगवेगळे पदार्थ आहेत आणि प्रत्येकाला आपला साचा लागतो. एच.२६४ चं मानक २००३ चं, एचईव्हीसी आणि व्हीपी९ २०१३ च्या सुमाराचे, एव्ही१ २०१८ चा. चिप ज्या साली कोरली गेली, त्या सालापर्यंतचेच साचे तिच्यात असणार. नंतर सॉफ्टवेअर अपडेट करून नवा साचा येत नाही.

तुमचा ६००६यू हा इंटेलच्या सहाव्या पिढीचा, म्हणजे स्कायलेकचा. ही पिढी २०१५ मध्ये आली. हा विशिष्ट प्रोसेसर मात्र २०१६ च्या अखेरीस बाजारात आला, तेव्हा सातवी पिढीसुद्धा आलेली होती. आपल्याकडे स्वस्त लॅपटॉपमध्ये तो इतका खपला की माझ्या टेबलावर आठवड्याला एक तरी असतोच. त्याच्यात एच.२६४ चा साचा आहे, आठ बिटी एचईव्हीसीचा आहे (बिट म्हणजे रंगांच्या छटांची बारकाई), व्हीपी८ चा आहे. व्हीपी९ चा नाही, दहा बिटी एचईव्हीसीचा नाही, एव्ही१ चा तर प्रश्नच नाही. व्हीपी९ आणि दहा बिटी एचईव्हीसी सातव्या पिढीत आले, एव्ही१ अकराव्या पिढीत, २०२० मध्ये. एका पिढीच्या फरकाने तुमचं नशीब हुकलं आहे.

हे डोक्यात ठेवून आता बिघाडांकडे येऊ. पण त्याआधी दोन मिनिटं नेटवर्कसाठी काढा, कारण आपल्या भागात निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. सड्यावर चार दांड्या आणि खाली वाडीत एक, ही आपली परिस्थिती. यूट्यूबच्या चालत्या व्हिडिओवर उजवं क्लिक करा आणि ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ निवडा. कोपऱ्यात आकड्यांची एक चौकट येईल. त्यात ‘बफर हेल्थ’ म्हणजे पुढे किती सेकंदांचा व्हिडिओ येऊन थांबला आहे ते. तो आकडा शून्याकडे जात असेल तर दोष नेटवर्कचा, लॅपटॉपला हात लावू नका. बफर भरपूर आहे आणि तरी ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’चा आकडा सारखा वाढतोय, तर डिकोडिंग कमी पडतंय. त्याच चौकटीत ‘कोडेक्स’ अशी ओळ आहे. तिथे ‘व्हीपी०९’ने सुरू होणारं काही दिसलं तर व्हीपी९, ‘एव्ही०१’ दिसलं तर एव्ही१, आणि ‘एव्हीसी१’ दिसलं तर एच.२६४. ही ओळ वहीत लिहून ठेवा. माझी पैज आहे, तुमच्याकडे व्हीपी०९ असेल.

आता पहिला बिघाड. तुम्ही लिहिलंय की मिंट टाकताना स्क्रीन काळी पडत होती, तेव्हा कोणाच्या तरी सल्ल्याने ‘नोमोडसेट’ हा शब्द ग्रबच्या (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलमध्ये टाकला आणि काम झालं. इथेच साखळी मुळापासून तुटली. नोमोडसेटचा अर्थ असा, की कर्नलने ग्राफिक्स चिपचा खरा ड्रायव्हर लावू नये, आहे त्या साध्या चित्रावर भागवावं. इंस्टॉल करताना अडलेली गाडी पुढे ढकलायला ते ठीक आहे. कायमचं ठेवलं तर इंटेलचा आय९१५ ड्रायव्हर जागाच होत नाही. मग व्हिडिओ तर सोडाच, खिडक्या हलवणं, मेनू उघडणं हेसुद्धा सीपीयूच रंगवत बसतो. खात्री करायची असेल तर मिंटच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ग्राफिक्सच्या ओळीत ‘एलएलव्हीएमपाइप’ लिहिलंय का बघा. तसं असेल तर चिप झोपली आहे. दुसरी खूण म्हणजे ‘डेव्ह’ फोल्डरातल्या ‘डीआरआय’मध्ये ‘रेंडर-डी-१२८’ नावाची फाइल नसेल. व्हिडिओ डिकोडरकडे जाण्याचा दरवाजा तोच. दरवाजाच नाही म्हटल्यावर ‘व्हीए-इनिशियलाइझ फेल्ड’शिवाय दुसरं काय येणार!

तो शब्द काढायचा, पण घाईने नाही. फाइलमधून काढला आणि स्क्रीन पुन्हा काळी पडली तर वाडीत बसून तुम्ही काय करणार? आधी एकाच वेळेपुरता काढून बघा. मशीन सुरू होताना एस्केप (जुन्या पद्धतीच्या बायोसवर शिफ्ट) दाबून ग्रबचा मेनू आणा, पहिल्या ओळीवर इंग्रजी ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या लांब ओळीतला नोमोडसेट शब्द खोडा आणि एफ१० दाबा. नीट सुरू झालं तर मग ‘ईटीसी’मधल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरातली ग्रबची फाइल सुडोने (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) उघडून तिथून कायमचा काढा आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवा. नाही सुरू झालं तर पॉवरचं बटण दाबून धरा, पुन्हा चालू करा, सगळं पहिल्यासारखं. स्कायलेक आजच्या कर्नलवर या शब्दाशिवाय न चालण्याचं खरं तर कारण नाही. माझ्याकडे ज्या थोड्या मशीन्सवर स्क्रीन काळी राहिली, तिथे प्रकाश शून्यावर गेलेला होता किंवा स्क्रीनची पट्टीच सैल होती. टॉर्च तिरका धरून पाहिलं तर चित्र अंधुक दिसतं, तेवढं जाता जाता तपासा.

दुसरा बिघाड तुमच्या कमांडच्या यादीत सापडला. ‘ईटीसी’मधल्या ‘एन्व्हायरन्मेंट’ फाइलमध्ये तुम्ही ‘लिबव्हीए-ड्रायव्हर-नेम’ बरोबर ‘एनव्हिडिया’ अशी ओळ घातली आहे. ज्याने ती लिहिली त्याच्याकडे एनव्हिडियाचं कार्ड असणार. तुमच्याकडे नाही. त्या ओळीचा अर्थ, ‘दुसरं काही शोधू नकोस, एनव्हिडियाचाच ड्रायव्हर उघड.’ तो नसला की लिबव्हीए, म्हणजे प्लेअर-ब्राउझर आणि ड्रायव्हर यांना जोडणारा दुवा, हात वर करतं. ओळ पुसा, लॉगआउट करून परत या. इंटेलच्या मशीनवर ही ओळ साधारणपणे लागतच नाही, लिबव्हीए स्वतःच योग्य ड्रायव्हर निवडतं. कुठलीही कमांड उतरवून घेण्याआधी ती कोणत्या कार्डासाठी लिहिली आहे हे बघायची सवय लावा. शेजाऱ्याच्या चष्म्याने वाचायला बसलं तर दोष पुस्तकाचा नसतो.

इंटेलचे दोन व्हिडिओ ड्रायव्हर आहेत, त्याचाही गोंधळ होतो. जुना आय९६५, नवा आयएचडी. पॅकेजची नावं अनुक्रमे ‘आय९६५-व्हीए-ड्रायव्हर’ आणि ‘इंटेल-मीडिया-व्हीए-ड्रायव्हर’. पाचव्या पिढीपासून पुढे नवा चालतो, त्याआधीच्या मशीनला जुनाच हवा. सहाव्या पिढीला दोन्ही चालतात. मी नवा ठेवतो आणि पुढे जातो, यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

हे दोन्ही झाल्यावर व्हीएइन्फो पुन्हा चालवा. आता आधी ‘आयएचडी’चं नाव असलेली ओळ येईल, ‘ओपन-ड्रायव्हर रिटर्न्स ०’ असं दिसेल (शून्य म्हणजे ठीक, उणे एक म्हणजे नाही), आणि खाली मोठी यादी. ती वाचायची कशी ते सांगतो, कारण इथे नव्वद टक्के लोक फक्त ‘यादी आली’ म्हणून खूश होतात. प्रत्येक ओळीत डावीकडे पदार्थ, उजवीकडे कृती. उजवीकडे ‘व्हीएलडी’ असेल तर ती चिप तो प्रकार डिकोड करते, म्हणजे दाखवू शकते. ‘एन्क-स्लाइस’ वगैरे असेल तर ते एन्कोडिंग, म्हणजे नवा व्हिडिओ तयार करणं, त्याचा आपल्याला आत्ता उपयोग नाही. तुमच्या यादीत एच२६४ च्या तीन-चार ओळींपुढे व्हीएलडी दिसेल, ‘एचईव्हीसी-मेन’पुढे दिसेल. ‘एचईव्हीसी-मेन-१०’ दिसणार नाही. ‘व्हीपी९’ दिसणार नाही. मिंटने काही कमी दिलेलं नाही, चिपची पत्रिकाच तेवढी आहे.

ड्रायव्हर जागा झाला म्हणजे ब्राउझर तो वापरतोच असंही नाही. फायरफॉक्सने लिनक्सवर इंटेलसाठी हार्डवेअर डिकोडिंग आपणहून चालू केलं ते ११५ व्या आवृत्तीत, २०२३ मध्ये. एएमडीसाठी १३६ व्या आवृत्तीत, २०२५ मध्ये. त्याआधीच्या काळातले लेख वाचून लोक अजून सेटिंग्जची डझनभर बटणं फिरवत बसतात. आज मिंटचा फायरफॉक्स अपडेट केलेला असेल तर काही फिरवायची गरज नाही. पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:सपोर्ट’ टाका, ‘मीडिया’ भागात कोडेकचा तक्ता आहे, त्यात एच२६४ पुढे हार्डवेअर डिकोडिंगला होकार आहे का तेवढं बघा. तिथे नकार असेल आणि व्हीएइन्फो मात्र ठीक असेल, तरच ‘अबाउट:कॉन्फिग’मधली ‘हार्डवेअर-व्हिडिओ-डिकोडिंग’ची ‘फोर्स-एनेबल्ड’ ही एक किल्ली चालू करून पाहा. क्रोमबद्दल विचाराल तर लिनक्सवर त्याचे फ्लॅग आवृत्तीगणिक बदलतात, आज चालू केलेलं पुढच्या महिन्यात बंद पडतं. गिऱ्हाईकाच्या मशीनवर मी त्याच्या नादी लागत नाही.

चिप खरंच काम करतेय का, याचा पुरावा हवा असेल तर ‘इंटेल-जीपीयू-टूल्स’ घाला आणि सुडो लावून ‘इंटेल-जीपीयू-टॉप’ चालवा. त्यात ‘व्हिडिओ’ नावाची एक पट्टी असते. व्हिडिओ चालू असताना ती हलली तर साचा चालतोय. शून्यावर बसून राहिली तर हातानेच वळणं चाललंय, सेटिंग काहीही म्हणो. मी स्वतः या पट्टीशिवाय दुसऱ्या कशावर विश्वास ठेवत नाही.

आता तिसरा बिघाड, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. यूट्यूब तुमच्या ब्राउझरला विचारतं, ‘तुला काय काय येतं?’ ब्राउझर म्हणतो, ‘व्हीपी९ येतं की.’ त्याला येतंच, हातानेही येतंच. मग यूट्यूब व्हीपी९ पाठवतं, कारण त्यात तेवढ्याच दर्जासाठी डेटा कमी लागतो. तुमच्या दोन कोरच्या, २ गिगाहर्ट्झच्या आणि टर्बो नसलेल्या प्रोसेसरला १०८०पीचं ओझं, त्यात साठ फ्रेमचा व्हिडिओ असेल तर, झेपत नाही.

मग विंडोजवर कसं झेपत होतं? तुमचा तो मुद्दा बरोबर आहे, तुम्हाला भास झालेला नाही. पूर्ण साचा नसताना इंटेलने त्या पिढीसाठी विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये एक मधला मार्ग काढला होता: व्हीपी९ चं काम थोडं सीपीयूवर, थोडं ग्राफिक्सच्या गणिती भागांवर. लिनक्सवरही तसा एक हायब्रिड ड्रायव्हर होता, जुन्या आय९६५ बरोबर चालणारा. पण तो कधीच मागे पडला. तो हाताने बांधून चालवण्याचे लेख अजून सापडतील. मी एकदा हौसेने एक पूर्ण रविवार त्यात घातला आहे. तुम्ही घालू नका.

सोपा वळसा असा: यूट्यूबला सांगायचं, आम्हाला व्हीपी९ येत नाही. फायरफॉक्समध्ये ‘एच२६४-इफाय’ नावाचं एक्स्टेन्शन आहे, त्याची सुधारलेली आवृत्तीही आहे. ते लावलं की ब्राउझर व्हीपी९ ला नकार देतो आणि यूट्यूब मुकाट्याने एच.२६४ पाठवतं. त्यातच साठ फ्रेमचे व्हिडिओ अडवण्याचाही पर्याय आहे, तोही चालू करा. मग ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’मध्ये एव्हीसी१ दिसेल, व्हिडिओची पट्टी हलू लागेल आणि पंखा शांत होईल. एच.२६४ मध्ये यूट्यूब १०८०पीच्या वर देत नाही, पण ६००६यूच्या मशीनला फोर-के हवंय कोणाला?

मात्र याची किंमत आहे आणि ती आपल्याकडे खरोखर मोजावी लागते. त्याच दर्जाच्या चित्रासाठी एच.२६४ ला डेटा जास्त लागतो. वाचनालयाला फायबर असेल तर विचारही करू नका, एक्स्टेन्शन लावून टाका. पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवत असाल आणि रेंज पडवीच्या एकाच कोपऱ्यात येत असेल, तर डिकोडिंगचा अडथळा काढून बफरिंगचा अडथळा विकत घेतल्यासारखं होईल. अशा ठिकाणी मी उलटं करतो. या लॅपटॉपचे बहुतेक पडदे १३६६ गुणिले ७६८ चे असतात. तुमचाही तसाच असेल तर १०८०पी लावून तुम्ही जास्तीचे ठिपके मागवता, डिकोड करता आणि मग फेकून देता. ७२०पी लावा. व्हीपी९ असलं तरी एवढं तो प्रोसेसर हातानेही ओढतो, डेटाही वाचतो. प्रोजेक्टर लावून पोरांना नमन-जाखडीचे व्हिडिओ दाखवायचे असतील तेव्हाच १०८०पी आणि एच.२६४ चा विचार करा. तेव्हा इन्व्हर्टरवर प्रोजेक्टरचंही ओझं असतं, त्यामुळे लॅपटॉप जितका थंड चालेल तितकं बरं.

अजून एक गैरसमज इथेच काढतो. हार्डवेअर डिकोडिंगने चित्र अधिक सुंदर दिसत नाही. तोच व्हिडिओ दोन्ही वाटांनी सारखाच उलगडतो, वाचतात ते फक्त श्रम, वीज आणि उष्णता. तुमच्याकडे तगडा डेस्कटॉप असता तर मी म्हटलं असतं, कशाला डोकं शिणवता.

आता आरतीचा व्हिडिओ. आयफोन २०१७ पासून एचईव्हीसीत रेकॉर्ड करू शकतो, आणि बारा नंबरच्या आयफोनपासून एचडीआर (जास्त उजळ-गडद छटांचं रेकॉर्डिंग) चालू असेल तर ते दहा बिटी असतं. तुमच्या चिपला आठ बिटी येतं, दहा बिटी येत नाही. त्यात तो फोर-के असणार, म्हणजे सीपीयूची पार दमछाक. प्लेअर बदलून काही होणार नाही. चाकरमान्यांना पुढच्या वेळी एवढंच सांगा: कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘फॉरमॅट्स’खाली ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा, एचडीआर व्हिडिओ बंद करा, रेकॉर्डिंग १०८०पीला ठेवा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, केबलने द्या. जे व्हिडिओ आधीच आलेत ते ‘हँडब्रेक’मध्ये घालून आठ बिटी एच.२६४, १०८०पीचे करून घ्या. तुमच्या मशीनवर वेळ लागेल, रात्री लावून झोपा. एचडीआरवरून आणलेल्या व्हिडिओचे रंग थोडे फिके वाटले तर घाबरू नका, हँडब्रेकमधल्या रंगांच्या फिल्टरने ते बरेच सुधारतात.

मशीनवरच्या फाइल बघायला मिंटबरोबर सेल्युलॉइड येतो, तो आतून एमपीव्हीच आहे. एमपीव्ही मुळात हार्डवेअर डिकोडिंग मुद्दाम बंद ठेवतो, कारण सीपीयूची वाट जास्त खात्रीची असं त्याच्या कर्त्यांचं मत. सेल्युलॉइडच्या पसंतींमध्ये जादा पर्यायांची जागा आहे, तिथे ‘एचडब्ल्यूडेक बरोबर ऑटो-सेफ’ असं टाका. व्हीएलसीत इनपुट आणि कोडेकच्या पानावर हाच पर्याय आहे.

एक शेवटची गोष्ट, जी मला मी स्वतः चुकल्यावर कळली. तारकर्लीच्या एका निवासातलं मशीन आलं होतं, हीच तक्रार. व्हीएइन्फो ठीक, फायरफॉक्स ठीक, एच.२६४, व्हिडिओची पट्टीही हलतेय, आणि तरी दहा मिनिटांनी चित्र अडखळायला लागायचं. मी दोन तास ड्रायव्हर बदलत बसलो. शेजारच्या वायरमनने येऊन नुसता हात लावला आणि म्हणाला, “आदी पंखो साफ कर, मगे तुझा लिनक्स-फिनक्स.” उघडलं तर पंख्याच्या मागच्या जाळीत धुळीचा नमदा बसलेला, पात्यांच्या दांड्याला खाऱ्या वाऱ्याने गंज, आणि प्रोसेसरवरची पेस्ट सुकून खडू झालेली. चिप तापली की स्वतःचा वेग कमी करते, मग साचा काय आणि हात काय. समुद्राजवळच्या मशीनला मी आता कमांड चालवण्याआधी स्क्रू-ड्रायव्हर लावतो. तुमचा लॅपटॉप इतकी वर्षं चालला आहे आणि त्यातले काही पावसाळे कोकणातले असतील, तर ते काम उधारीवर ठेवू नका. ‘सेन्सर्स’ नावाची कमांड तापमान दाखवते. व्हिडिओ न चालवताही आकडा सत्तरीच्या आसपास घुटमळत असेल तर आधी पंखा.

बाकी वाचणाऱ्यांसाठी घाईघाईत. एएमडी असेल तर ‘मेसा-व्हीए-ड्रायव्हर्स’ हे पॅकेज आणि बाकी तपासणी तीच. एनव्हिडियाची स्वतःची वाट वेगळी आहे. लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही असतील तर व्हिडिओसाठी इंटेलकडूनच काम घ्या, बॅटरी वाचते. फेडोरावर (लिनक्सचाच दुसरा प्रकार) मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या संचामधलं एच.२६४ आणि एचईव्हीसी पेटंटच्या कारणाने २०२२ मध्ये काढलं गेलं, तिथे आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या भांडारातलं ‘फ्रीवर्ल्ड’ नावाचं पॅकेज लागतं. फ्रीबीएसडीवाल्यांनी आधी ‘डीआरएम-केमॉड’ घालायचं, वापरणाऱ्याला ‘व्हिडिओ’ गटात टाकायचं, मग लिबव्हीएचा ड्रायव्हर. तिथे गट विसरणं हीच नेहमीची चूक. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) घेणार असाल तर पाय ४ मध्ये एच.२६४ चा साचा आहे, पाय ५ मधून तो काढला आहे, फक्त एचईव्हीसीचा ठेवला आहे. पाय ५ चा सीपीयू बराच दमदार, त्यामुळे बहुतेकांना ते जाणवत नाही. पण एच.२६४ चे पाच-सहा कॅमेरे एकदम लावणाऱ्या बागायतदाराला जाणवलं होतं.

तर तुम्ही या क्रमाने जा: मागचं झाकण उघडून पंखा आणि पेस्ट, नोमोडसेट एकवेळ काढून बघणं, एन्व्हायरन्मेंटमधली ती ओळ पुसणं, मग व्हीएइन्फो. तिथवर जमलं की फायरफॉक्सला एक्स्टेन्शन लावून एक व्हिडिओ १०८०पीला आणि तोच ७२०पीला एक्स्टेन्शनशिवाय चालवा, दोन्ही वेळा ड्रॉप्ड फ्रेम्स आणि बफर हेल्थ लिहून घ्या. वाडीतल्या रेंजला यातलं कुठलं परवडतं ते तो कागदच सांगेल. नोमोडसेट काढल्यावर स्क्रीन काळी राहिली तर ‘डीमेसेज’ (अक्षरं डी-एम-ई-एस-जी) कमांडमधल्या आय९१५ च्या ओळी इथे टाका. नोमोडसेट लावून बूट केल्यावरच्या नकोत, त्यात काही दिसणार नाही. ‘जर्नलसीटीएल’ला ‘वजा के वजा बी वजा १’ जोडलं की आधीच्या, अडकलेल्या बूटच्या ओळी मिळतात. त्या टाका.